पान कुणी फाडलं

एलिझाबेथटन, टेनेसी
११ फेब्रुवारी १९८०

प्रिय वेंडेल,

तुला फोन करण्यात अर्थ नाही. मागच्या वेळी मी दहा मिनिटं घसा फोडून ओरडत होते आणि तू आपला "हो, इथेही बर्फ पडतोय" एवढंच म्हणत होतास. म्हणून हे पत्र.

ऑक्टोबरात किंग्ज माउंटनच्या लढाईला दोनशे वर्षं होतात. डॅडींनी डोक्यात घेतलंय की आपला जोसाया मॅडक्स ज्या वाटेने डोंगर ओलांडून इंग्रजांच्या बाजूच्या लोकांशी लढायला गेला, त्याच वाटेने सगळ्या कुटुंबाने जायचं. दोन गाड्या, चार दिवस. मी कोंबडी तळून घेईन, बिस्किटं घेईन, लेस्टरची बायको बटाट्याचं सॅलड आणेल आणि ते नेहमीसारखं कुणी खाणार नाही. शेवटच्या दिवशी टेकडीवर चढायचं.

एकच घोळ आहे. गिलेस्पी खिंडीनंतर फौज दोन वाटांनी गेली. डॅडी म्हणतात जोसाया नॉर्थ कोव्हने गेला, लेस्टर म्हणतो टर्की कोव्हने. चर्चच्या जेवणात यावरून डॅडींनी काठीने लेस्टरचा चष्मा फोडला. सख्ख्या चुलतभावाचा, तोही प्रार्थना संपून पाच मिनिटं झाली नव्हती तेव्हा. शेवटी मी वॉशिंग्टनला लिहिलं. जोसायाने म्हातारपणी पेन्शनसाठी कोर्टात शपथेवर जबानी दिली होती, तिची नक्कल मागवली आहे. काय तो सोक्षमोक्ष लागेल.

डॅडी अठ्ठ्याहत्तरचे झाले. झटका आल्यापासून उजवा हात लुळा आहे, पण जीभ शाबूत आहे, आणि डावा हात उजव्याची कामं शिकलाय. परवा म्हणाले, "त्या पोराला पण बोलव." पंधरा वर्षांत पहिल्यांदा. एक्कावन्न वर्षांचं पोर! मार्सेलाला आणि तुमच्या पोरीला, जॉइस अ‍ॅनला, घेऊन ये. डॉक्टर पुढच्या वर्षाची खात्री देत नाहीत. आपण सगळे एकदा एका गाडीत बसलेलं मला बघायचंय, दुसरं काही नको.

तुझी,
आर्डिथ


टोलेडो, ओहायो
२ मार्च १९८०

सिस,

कोंबडी तळ, बिस्किटं घे, चार दिवस हिंडून या. मी येणार नाही.

तेव्हा तू बारा वर्षांची होतीस, म्हणजे तुला आठवत असणारच. पण तुझ्या पत्रात सगळं साखरेत घोळून आलंय, म्हणून पुन्हा लिहितो. एकोणीसशे अडतीस. आजोबा गेले आणि जोसायाचं बायबल ट्रंकेतून आपल्या घरी आलं. म्हाताऱ्याने गावभर दवंडी पिटली, की जुन्या आणि नव्या कराराच्या मधल्या पानावर जोसायाचं लग्न, त्याची पोरं, सगळं त्याच्या हस्ताक्षरात आहे. ते पान त्याने स्वतः कधी पाहिलं नव्हतं, हे मला फार नंतर कळलं. क्रांतिवीरांच्या वंशजांच्या मंडळाची बाई पांढरे हातमोजे घालून आली. त्याने बायबल उघडलं, तर पान नाही. बोटभर फाटकी कड तेवढी. बाई म्हणाली, "अरेरे, मिस्टर मॅडक्स." त्या 'अरेरे'साठी त्याने मला गोठ्यात नेलं.

घोड्याच्या साजाचा पट्टा होता. मी नऊ वर्षांचा. "मी नाही फाडलं" म्हणालो, तर खोटं बोलतो म्हणून आणखी. रक्त मोज्यांत उतरलं. वाटलं, हो म्हटलं की थांबेल. म्हटलं, "हो, मी फाडलं." "कुठाय?" आता कुठून आणू? म्हटलं, "चुलीत टाकलं." तेव्हा त्याने पट्टा उलटा धरला. बकल कानावर बसलं. मी जमिनीवर पडून त्याचे बूट बघत होतो आणि तो ओरडत होता ते एकाच बाजूने ऐकू येत होतं. दुसरी बाजू तिथेच संपली.

वेंडेलला बायबल चाळताना पाहिलं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी घरात मोठं माणूस म्हणजे ओपल आत्या. ती गेली तेव्हा मी आलो नाही, ते का, हे तू मला तीनदा विचारलंस. हे घे उत्तर.

आणि एक सांगतो, मार्सेलाशिवाय कुणाला माहीत नाही. मागच्या वर्षी जॉइस अ‍ॅन उशिरा आली म्हणून मी कमरेचा पट्टा सोडला. पोरीने दोन्ही हात कानांवर ठेवले. पाठीवर नाही, कानांवर. मी पट्टा जाळला. तेव्हापासून पँटला गॅलिस लावतो, कारखान्यात सगळे हसतात.

माझी एक अट आहे. त्याने माझ्या पोरीसमोर म्हणायचं, की वेंडेलने पान फाडलं नव्हतं. हे म्हणत असेल तर येतो. नाहीतर मला त्याच्यासमोर आणू नकोस. मी त्याला मारीन.

वेंडेल


एलिझाबेथटन
२४ मार्च १९८०

प्रिय वेंडेल,

उत्तराला उशीर झाला. तुझी अट मी डॅडींना जेवताना वाचून दाखवली. त्यांनी डाव्या हाताने बिडाचा तवा फेकला. माझ्या कपाळाला चार टाके पडले, बाकी ठीक आहे. डॉक्टरांना मी फळीवरून पडला म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. या गावात हे असंच चालतं.

तू नको ते उकरून काढतोयस. बेचाळीस वर्षं झाली त्याला. ज्याने कुणी डॅडींना सांगितलं असेल, ते घाबरून सांगितलं असेल. ओपल आत्याला यात ओढू नकोस. ती मेली आहे, तिला उत्तर देता येत नाही.

मॉर्गनटनला दोन खोल्या ठरवल्या आहेत. एक तुमची. मी ती रद्द करणार नाही.

आर्डिथ


एलिझाबेथटन
९ जून १९८०

प्रिय वेंडेल,

हे पत्र एकटा असताना वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

वॉशिंग्टनहून पाकीट आलं. एकसष्ट कागद आहेत. जोसायाची जबानी अठराशे तेहतीसची आहे. तो नॉर्थ कोव्हनेच गेला होता. लढाईबद्दल त्याने जे सांगितलंय ते आपल्याला लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. त्याचेच शब्द लिहिते :

"त्यांनी पांढरा फडका वर केला तरी आम्ही गोळ्या घालत राहिलो, कारण आमच्या माणसांना त्यांनी असंच मारलं होतं. माझ्या बायकोचा भाऊ ईनॉक त्यांच्या बाजूला होता. तो एका धोंड्याशी गुडघ्यांवर बसून, हात वर करून, माझं नाव घेऊन ओरडत होता. मी त्याला ओळखलं. माझी बंदूक रिकामी होती. ती भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. तो ओरडायचा थांबला नाही. मग मी त्याला गोळी घातली."

आपण ज्या बुटांची गोष्ट ऐकत वाढलो, जोसायाने शत्रूच्या पायातून काढून आणलेले बूट, ते ईनॉकचे होते. त्याने ते घरी आणून बायकोपुढे टाकले, त्या बाईच्या सख्ख्या भावाचे. हे तिच्या जबानीत आहे. तिचं नाव केझाया. अठराशे त्रेचाळीसमध्ये तिने विधवेचं पेन्शन मागितलं. सरकारने लग्नाचा पुरावा मागितला. पाद्री मेलेला, साक्षीदार मेलेले. मग ती लिहून देते : "घरच्या बायबलातलं पान मी माझ्या हाताने फाडून सोबत जोडलं आहे. ते मला परत मिळावं."

ते तिला परत मिळालं नाही, वेंडेल. ते वॉशिंग्टनलाच आहे. कागद क्रमांक चव्वेचाळीस. लग्न आहे, सात पोरं आहेत, डावीकडची कड फाटकी आहे. तुझ्या जन्माच्या शहाऐंशी वर्षं आधीच ते पान गेलं होतं. तू ज्यासाठी मार खाल्लास ते त्या पुस्तकात नव्हतंच.

आता दुसरं. डॅडींना सांगणारी मी होते.

त्या आठवड्यात मी चोरून ट्रंक उघडली होती. सोनेरी अक्षरं बघायची होती. बायबल उघडताना पाठीची शिवण करकरली. दुसऱ्या दिवशी त्या बाईसमोर पान निघालं नाही तेव्हा मला वाटलं, माझ्याच हातून फाटलं, कुठेतरी पडलं. डॅडी पट्टा घेऊन स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "कोण?" मी तुझं नाव सांगितलं. एका शब्दाचं काम होतं. तू गोठ्यात ओरडत होतास तेव्हा मी उशीखाली डोकं घालून शंभरपर्यंत आकडे म्हणत होते.

बेचाळीस वर्षं मी हेच धरून चालले होते, की पान मी फाडलं आणि मार तू खाल्लास. चव्वेचाळीस नंबरचा कागद बघितला तेव्हा पहिल्यांदा मला काय झालं सांगू? आनंद झाला. मी फाडलं नव्हतं! मग तुझा कान आठवला.

डॅडींना सगळं वाचून दाखवलं. माझंही सांगितलं. जबानी ऐकून म्हणाले, "नॉर्थ कोव्ह! लेस्टरला फोन लाव." मग पानाचं वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, रडतील. ते म्हणाले, "मग पोराने कबूल का केलं?"

हे तुझ्यापासून लपवावं असं वाटलं होतं. पण लपवून काय झालं ते बघितलंच आपण.

आर्डिथ


टोलेडो
३० जून १९८०

आर्डिथ,

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लावून घे. तुझं पत्र वाचून मी गॅरेजमध्ये गेलो आणि गाडीची पुढची काच मुठीने फोडली. मग बाजूच्या फोडल्या. अकरा टाके. मार्सेला जॉइस अ‍ॅनला घेऊन आईकडे गेली. जाताना म्हणाली, "तुझ्या बापाचा फोटो आहे ना आपल्याकडे, तसा दिसत होतास."

तुला मी काय बोलू? तू बारा वर्षांची होतीस, हे मला कळतं. कळतं आणि तरी या क्षणी तू समोर असतीस तर काय केलं असतं ते सांगवत नाही. पण ओपल आत्या! जायच्या आधी तिने मला पत्र पाठवलं होतं. मी न उघडता परत केलं. पाकिटावर 'नको' असं लिहून. ती ते 'नको' वाचून मेली असेल.

"मग पोराने कबूल का केलं?" हे वाक्य मी कारखान्यात भट्टीसमोर आठ तास म्हणत असतो.

माझी अट रद्द. मला आता त्याच्याकडून काही ऐकायचं नाही. मी येतोय. तो पट्टा अजून गोठ्यात खिळ्याला आहे का, तेवढं कळव.

वेंडेल


एलिझाबेथटन
३ सप्टेंबर १९८०

प्रिय वेंडेल,

जुलैत दोन पत्रं लिहिली, तुझं उत्तर नाही. मी हे शेवटचं लिहिते.

पट्टा नाही. अडतीस साली, त्याच आठवड्यात ओपल आत्याने तो डो नदीत फेकला. डॅडींनी तिला त्याच संध्याकाळी केसांना धरून घराबाहेर काढलं, तिची पेटी चिखलात टाकली. ती जॉन्सन सिटीला राहायला गेली ती त्यामुळे. लग्नाचं वगैरे आपल्याला सांगितलं ते खोटं. आता तुला याने आणखी त्रास होणार, पण मी आता काहीच राखून ठेवणार नाही.

मारायचंच असेल तर मला मार. मी मान खाली घालून उभी राहीन, खरंच. डॅडींना मारून तुला एक लुळा म्हातारा मिळेल. जॉइस अ‍ॅनला काय मिळेल, त्याचा विचार कर.

सात ऑक्टोबरला, लढाईच्या दिवशी, टेकडीवर भाषणं आणि तोबा गर्दी असणार, म्हणून आपण गुरुवारी, नऊ तारखेला चढायचं ठरलं. पायथ्याशी सकाळी दहा वाजता. डॅडींना मी स्पष्ट सांगितलं, की वेंडेल तुम्हाला मारायला येतोय. म्हणाले, "येऊ दे. बूट चांगले घाल म्हणावं, वर दगड आहेत."

आर्डिथ


टोलेडो
२२ सप्टेंबर

नऊला. दहा वाजता. मार्सेला आणि पोर परत आल्यात, त्याही येतील. बूट चांगले आहेत.

वे.


टोलेडो
१४ ऑक्टोबर १९८०

सिस,

डॅडींचं कसं आहे? खुब्याचं ऑपरेशन झालं का? गालाचं हाड?

तू सगळ्यांना सांगितलंस की ते पाल्यावरून घसरले. मार्सेलाही तेच म्हणते. मी गाडीत गप्प होतो, पण तुझ्याशी खोटं बोलून आपलं आणखी एक पान फाडायचं नाही मला.

तुम्ही सगळे खाली टेबलावर कोंबडी मांडत होतात. आम्ही दोघेच वर निघालो. ते काठी टेकत पुढे, मी मागे. दर वीस पावलांवर थांबायचे, धापा टाकायचे. मी मनात म्हणत होतो, वर पोचू दे. अर्ध्यात नाही. एका ठिकाणी त्यांच्या बुटाची नाडी सुटली. एका हाताने बांधता येईना. मी वाकून बांधली. चाळीस वर्षांनी तेच बूट डोळ्यांसमोर. म्हणजे तेच नव्हेत, पण तसेच, नाडीला पितळी कड्या असलेले.

वर गेल्यावर ते एका धोंड्यावर बसले आणि ईनॉकची गोष्ट सांगायला लागले. जणू मला माहीतच नाही. "बंदूक भरायला अर्धं मिनिट लागतं," म्हणाले. "अर्धं मिनिट तो बघत होता." मी म्हटलं, "ते राहू द्या. पानाचं बोला. मी फाडलं नव्हतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग कबूल का केलंस?"

मी मारलं. मूठ आवळून, गालावर, होतं नव्हतं तेवढं बळ लावून. हाड मोडल्याचं माझ्या हाताला कळलं. ते धोंड्यावरून मागे गेले आणि खुबा दगडावर आपटला. ओरडले नाहीत. मी दुसऱ्यांदा हात उचलला होता, सिस. उचलला होता. आणि तेव्हा मला समजलं, की ते टोमणा मारत नव्हते. ते विचारत होते. माणूस डॉक्टरला विचारतो तसं. त्यांना खरंच कळत नव्हतं. तोंडातून रक्त येत होतं आणि ते माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघत होते.

आवाज ऐकून पार्कचा तो रेंजर धावत आला, टोपीवाला, लाल मिशांचा. मी त्याला लगेच सांगितलं, "हा माझा बाप आहे. मी याला मारलं." दोन वेळा सांगितलं. त्याने मनगट धरलं माझं. तेवढ्यात डॅडींनी डाव्या हाताने त्याला खाली वाकायची खूण केली आणि काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. माझा बहिरा कान त्यांच्या बाजूला होता. एक शब्द कळला नाही. रेंजरने माझ्या कानाकडे बघितलं, मनगट सोडलं आणि म्हणाला, "ठीक आहे, सर, तुम्ही बसा." त्याने मला 'सर' म्हटलं. बापाला मारणाऱ्याला.

ते काय बोलले? विचारशील त्यांना? सांगतील असं वाटत नाही.

पोलीस आले तर मी खरं तेच सांगणार आहे.

वेंडेल


एलिझाबेथटन
२ नोव्हेंबर १९८०

प्रिय वेंडेल,

ऑपरेशन झालं. पायात सळई घातली आहे. गालाचं हाड तारेने बांधलंय, म्हणून नळीने सूप पितात आणि तरीही नर्सला शिव्या देतात. चालू शकतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. घरी आणलं तर मीच बघणार, दुसरं कोण आहे. तू मारलंस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. सहा आठवड्यांत पाऊस नव्हता, पाला पायाखाली चुरचुर वाजत होता. त्यावरून कुणी घसरतं? पण डॅडी सगळ्यांना घसरलो म्हणाले, मग मीही म्हणाले. तू बरं केलंस असं मी म्हणणार नाही. वाईट केलंस असंही माझ्या तोंडून निघत नाही.

त्यांना मी विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग मी त्या रेंजरला फोन केला. अपघाताचा अहवाल त्याला त्याच दिवशी लिहावा लागतो, जखमी माणूस जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. मुलगी म्हणून मला नक्कल मिळते. काल आली. पोलीस येणार नाहीत. का, ते त्यातच आहे. मी जशीच्या तशी उतरवते :

"मुलगा म्हणतो, मी वडिलांना मारलं. वडील म्हणतात : त्याचं ऐकू नका, मी घसरलो. तो न केलेलं कबूल करतो. लहानपणी मी त्याला मारून मारून ती सवय लावली. त्याचा कान मी फोडला. पानसुद्धा त्याने फाडलं नव्हतं."

खाली त्याने एक ओळ लिहिली आहे, की हे कुठलं पान ते विचारायचं राहून गेलं. फोनवर त्याने मला विचारलं. मी म्हटलं, आमचं घरचं आहे.

आर्डिथ